धोटा आणि उष्टे सूत

'कामगारवर्ग' हा शब्द आपण वर्गात फार सहज उच्चारतो. मुंबईच्या गिरणीत सारे एकाच भोंग्यावर आत शिरत हे खरे, परंतु आतली खाती सर्वांना खुली नव्हती. कापडखात्यात मजुरी बरी; तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना मज्जाव असे. कारण सांगितले जाई ते धोट्याचे. कांडी बदलली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि 'त्यांचे' उष्टे इतर विणकरांना चालत नसे. (एकमेकांचे मात्र चाले!) त्यांच्या वाट्याला बहुधा कमी मजुरीचे रिंगखाते येई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढेच मांडला. त्यांनी तो नाखुशीनेच मागण्यांत घेतला. कारण येथे वाट अडवणारा मालकाइतकाच, किंबहुना अधिक, सोबतीचा साचेवाला होता.