वादळानंतरचे आठ दिवस



इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत दार येतें तें फुटण्यापुरतें. अमक्या किल्ल्याचा दरवाजा तोफांच्या माऱ्यानें कोसळला, तमक्या शहराची वेस शत्रूनें फोडली, एवढें आम्हां मास्तरांनीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें. तें दार दुसऱ्या दिवशीं कोणीं उभें केलें, त्याला फळी कोठली मिळाली, खिळे कोणीं दिले, याचा उल्लेख पुस्तकांत नसतो. परंतु ज्याचें घर असतें त्याच्या दृष्टीनें इतिहासाचा कठीण भाग तेथूनच सुरू होतो. खेड्यांतल्या घरांचीं दारें-खिडक्या वाऱ्यानें मोडल्यावर तातडीनें बंद करण्याचें काम, त्याची जुनी रीत व तिची आजची अवस्था, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरण फार जुनें घ्यावयास नको. बुधवार, दिनांक ३ जून २०२० रोजीं दुपारीं साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें. हवामानखात्यानें त्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर नोंदविला. मुंबई थोडक्यांत वांचली. आमच्या सांताक्रूझचा विमानतळ कांहीं तास बंद राहिला, एवढेंच. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्ह्यांतील मंडणगड व दापोली या भागांत घरांचीं छपरें उडालीं, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि विजेचे खांब जमिनीवर आले. पुढें ११ जून रोजीं मोसमी पाऊस हर्णैपर्यंत पोंचल्याचें त्याच खात्यानें जाहीर केलें. वादळ आणि पावसाळा यांच्या मध्यें कोंकणाला मिळाले ते अवघे आठ दिवस. एवढ्या अवधींत जें घर झांकलें गेलें नाहीं, त्याच्या मातीच्या भिंती, कणगींतलें भात व पेटींतले कागद पावसाच्या स्वाधीन झाले.

कोणी म्हणेल, खरें नुकसान छपराचें. दारा-खिडक्यांची एवढी चिंता कशाला? याचें उत्तर पदार्थविज्ञानांत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब चौपट होतो. ताशीं ६० किलोमीटरांच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारें १७ किलो भरतो. १२० किलोमीटरांच्या वाऱ्याचा सुमारें ६८. साडेसहा फूट उंच व तीन फूट रुंद अशा साध्या दारावर त्या वेळीं सुमारें सव्वाशें किलोंचा रेटा असतो. तें दार फुटलें कीं वारा घरांत शिरून कोंडतो आणि छपराला आंतून वर ढकलूं लागतो. त्याच क्षणीं छपरावरून धांवणारा वारा त्याला वरून ओढीत असतो. मंगलोरी कौल बहुधा स्वतःच्या भारानेंच वाशांवर बसलेलें असतें. या दुहेरी ओढाताणींत तें टिकणार कसें? म्हणजे अनेक घरांचें छप्पर प्रथम दारांतून जातें. पुढची खिडकी फुटली तर मागची मुद्दाम उघडावी, वारा आरपार निघून जाईल, अशी एक समजूत सर्वत्र ऐकूं येते. स्थापत्यशास्त्राचा सल्ला उलट आहे: जेवढें बंद ठेवतां येईल तेवढें बंदच ठेवावें.

पश्चिम किनाऱ्याला हा अनुभव नवा नाहीं. मे १६१८ मध्यें वसई व मुंबईच्या टापूंत झालेल्या वादळाचें वर्णन पोर्तुगीज इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. समुद्र शहरांत घुसला, गिरिजाघरांचे माथे उडाले, मोठाले दगड दूरवर फेंकले गेले आणि दोन हजार माणसें दगावलीं, असें तें वर्णन आहे. मुंबईवर १८५४ च्या नोव्हेंबरांत व पुन्हां २२ नोव्हेंबर १९४८ रोजीं मोठीं वादळें आलीं. ‘फयान’ आलें तें ११ नोव्हेंबर २००९ रोजीं. ‘तौक्ते’ १७ मे २०२१ रोजीं किनाऱ्यालगत उत्तरेस गेलें. या तारखा एकापुढें एक मांडल्या कीं एक गोष्ट ध्यानांत येते. अरबी समुद्रांतलीं हीं वादळें पावसाळ्याच्या दोन टोंकांना येतात. नोव्हेंबरांतलें वादळ घर मोडतें, पण पुढें सहा महिने कोरडे देऊन जातें. मे-जूनचें वादळ घर मोडतें आणि पाठोपाठ चार महिन्यांचा पाऊस आणून सोडतें. तातडीच्या डागडुजीचा प्रश्न खऱ्या अर्थानें जीवघेणा होतो तो या दुसऱ्या प्रसंगीं.

कोंकणच्या जुन्या घराची रचना पाहिली तर आपल्या पूर्वजांना हें गणित आंकड्यांवांचून कळलें होतें असें दिसतें. खिडक्या लहान, त्यांना लांकडी गज आणि आंतून दोन झडपें. दाराला दोन जाड फळ्यांचीं कवाडें आणि त्यांच्यामागें आडवा अडसर. अडसराचीं टोंकें दोन्ही बाजूंच्या भिंतींत शिरत. त्यामुळें दारावरचा रेटा कडी-कोयंड्यावर न येतां भिंतीवर जाई. सह्याद्रीवरील अनेक गडांच्या दरवाजांशीं उभें राहिल्यास अडसराचीं तीं खोल भोंकें अद्यापि दिसतात; शत्रूच्या धडकेला जी युक्ति, तीच वाऱ्याच्या धडकेला. याशिवाय दर आगोटीला घर शाकारण्याचा व झड बांधण्याचा परिपाठ होता. नारळाच्या झांवळ्या विणून झांप तयार करावयाचे, बांबूच्या कांबींवर ते काथ्यानें आंवळावयाचे आणि पडवीच्या व खिडक्यांच्या तोंडाशीं उभे करावयाचे. हें काम वर्षाचें ठरलेलें असल्यामुळें झांवळ्या, सुंभ, कांबी व तें काम येणारे हात प्रत्येक वाडींत तयार असत. अवेळीं वादळ आलेंच, तर नवें कांहीं शिकावें लागत नसे. दरवर्षींचें काम चार दिवस आधीं करावें लागे, इतकेंच.

गोमंतकांत व वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांत आणखी एक शहाणी रचना असे. खिडकीच्या लांकडी चौकटींत तळहाताएवढ्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्या ओळीनें बसवीत. त्यांतून उजेड येई, ऊन येत नसे. आणि वाऱ्यानें एखादी शिंपली फुटली तर तेवढीच काढून दुसरी सरकवितां येई. गोव्यांतील जुन्या घरांतून अशा खिडक्या आजहि पाहावयास मिळतात. कांचेचें मोठें तावदान आलें तेव्हां घरांत प्रकाश वाढला खरा, पण फुटण्याचें मापहि वाढलें. एका तडाख्यांत सबंध खिडकी रिकामी होऊं लागली.

शहरवासीयांना याचें प्रत्यंतर युद्धकाळांत आलें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकाईन’ या दारूगोळ्यानें भरलेल्या बोटीचा स्फोट झाला, तेव्हां बारा किलोमीटरांपर्यंतच्या कांचा फुटल्या. त्या काळीं हवाईहल्ल्याच्या भीतीनें कांचांवर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटविण्याची चाल पडली होती. ‘निसर्ग’ व ‘तौक्ते’ यांच्या वेळीं मुंबईंतील अनेक घरांच्या खिडक्यांवर पुन्हां तशाच फुल्या दिसल्या. श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं पट्टीनें कांचेचें बळ वाढत नाहीं. फार तर फुटल्यावर तिचे तुकडे उडण्याचें थोडें कमी होतें. कांचेला आडोसा हवा तो बाहेरून लावलेल्या फळीचा.

आमचें सांताक्रूझ हेंहि एके काळीं खेडेंच होतें. कोळे-कल्याण, वाकोला, जुहू या भागांत भातशेती होती, कौलारू व गवती घरें होतीं. १८९६ च्या प्लेगानंतर मुंबईकर मोकळ्या हवेच्या शोधांत साष्टीकडे सरकले, १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला, आणि शेतांच्या जागीं बंगले व पुढें इमारती आल्या. त्याबरोबर झांप विणणारे हात गेले. शहरांत तें चाललें. कारण येथें सुतार, काचवाला व लोखंडी सामानाचें दुकान कोपऱ्यावर असतें. परंतु शहराचें तेंच घर आपण नंतर गांवीं नेऊन बांधलें. अडसर काढून कुलूप बसविलें, झडपांच्या जागीं ॲल्युमिनियमच्या सरकत्या कांचा लावल्या. गांवांत मात्र ती कांच बसविणारा कारागीर नाहीं आणि झांप विणणारा वृद्ध आतां उरलेला नाहीं. जुनें गेलें, नवें पुरतें आलें नाहीं. अशा दोहोंमधल्या फटींत २०२० सालचें वादळ शिरलें.

त्या वर्षीं त्यांत एक विशेष अडचण होती. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू होती. कोंकणांतील असंख्य घरें वर्षांतले बहुतेक महिने कुलूपबंद असतात. त्यांचे मालक मुंबईंत, ठाण्यांत, उपनगरांत. परवान्यावांचून जिल्ह्याची हद्द ओलांडतां येत नव्हती, नेहमीची गाडी नव्हती, आणि तिकडे वीज व दूरध्वनि दोन्ही बंद पडल्यामुळें आपलें घर उभें आहे कीं नाहीं हें कळण्यासहि मार्ग नव्हता. अशा वेळीं बंद घराच्या मोडक्या खिडकीवर फळी ठोकणार कोण? जेथें शेजाऱ्याजवळ किल्ली होती आणि हात घालण्याची मुभा होती, तेथें तें काम होऊं शकत होतें. जेथें भाऊबंदकीचा दावा चालू होता, जेथें ‘आमच्या घराला हात लावूं नका’ असें पूर्वीं बजावलेलें होतें, तेथें शेजारी मनांत असूनहि पुढें कसा होणार? गणेशचतुर्थी त्या वर्षीं २२ ऑगस्टला होती. तोंवर उघडें राहिलेल्या घरानें पावसाळ्याचे दहा आठवडे सोसलेले असणार, हें सांगावयास तज्ज्ञ नको. अडसर नसल्यामुळें जितकें नुकसान होतें, तितकेंच नुकसान बोलणें बंद असल्यामुळें होतें.

आतां प्रत्यक्ष कृतीविषयीं चार शब्द. वारा पूर्ण पडल्यावांचून शिडीवर चढूं नये. तुटलेल्या विजेच्या तारेजवळ मुळींच जाऊं नये. प्रथम फुटक्या कांचा जाड हातमोजे घालून काढाव्या. फळी किंवा प्लायवूड खिडकीच्या मापाहून चारी बाजूंनीं चार बोटें मोठें घ्यावें आणि बाहेरून, चौकटीच्या भक्कम लांकडांत बसवावें. कुजक्या चौकटींत ठोकलेला खिळा पहिल्याच झोतानें निघतो. खिळ्यांपेक्षां स्क्रू बरे, कारण ते पुढें काढतांहि येतात. फळी नसेल तर ताडपत्री चालेल; पण तिच्या कडेवर लांकडी पट्टी ठेवून त्या पट्टींतून खिळे मारावे, एरवीं वारा तिला खिळ्यापाशींच फाडतो. पडलेल्या पोफळीचें खोड उभें चिरून त्याच्या चांगल्या रिपा होतात. खालची कड बाहेरच्या बाजूस सोडावी, म्हणजे पाणी आंत उतरत नाहीं. माणसें राहात असलेल्या घराचें एक दार नेहमीं आंतून सहज उघडेल असें ठेवावें, आणि सगळ्या खिडक्या बुजवून आंत चूल किंवा कोळशाची शेगडी पेटवूं नये. तिच्या विषारी वायूनें झोपेंतच प्राण जातो.

एक शंका पुष्कळांच्या मनांत असते. पंचनाम्यापूर्वीं मोडकें दार झांकलें तर नुकसानभरपाई बुडेल, अशा भयानें लोक घर उघडें ठेवून तलाठ्याची वाट पाहात बसतात. आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे. आंतून, बाहेरून छायाचित्रें घ्यावीं, त्यांत शेजारचें एखादें ओळखीचें ठिकाण येईल असें पाहावें, मोडलेले तुकडे एका बाजूस जपून ठेवावे, दोन शेजाऱ्यांना साक्षी ठेवावें आणि लगेच कामास लागावें. पंचनामा थांबूं शकतो. पाऊस थांबत नाहीं.

शेवटीं, ज्यांचें एक घर शहरांत व दुसरें गांवीं आहे अशा श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. उन्हाळ्यांत गांवीं जाल तेव्हां माळ्यावर खिडक्यांच्या मापाच्या फळ्या कापून, त्यांवर खडूनें खिडकीचा क्रमांक घालून ठेवा. सोबत स्क्रू, दोरी, एक ताडपत्री व हातोडी ठेवा. दारामागें अडसराचीं भोंकें अजून असतील तर तीं बुजवूं नका. आणि घराची एक किल्ली शेजाऱ्याच्या हातीं द्या. देतांना स्पष्ट सांगा कीं प्रसंग पडल्यास विचारण्याची वाट पाहूं नका, कुलूप उघडा, लागेल तेथें खिळा मारा. जुना मतभेद असेल तर तो त्याच भेटींत मिटवावा. वाडीनें एकत्र येऊन शाळेच्या एखाद्या खोलींत असें सामान सामाइक ठेवलें तर अधिकच चांगलें. ज्याच्या घरीं कोणी नाहीं त्याचीहि त्यांत सोय होते.

वादळाची सूचना आतां दोन-तीन दिवस आधीं मिळते, ही आपल्या काळाची मोठी कमाई आहे. १६१८ च्या वसईकरांना ती नव्हती. पण सूचना कानीं पडल्यावर फळी कोठें आहे आणि किल्ली कोणाजवळ आहे, हें ठाऊक असेल तरच तिचा उपयोग. मे महिना प्रत्येक वर्षीं येतो आणि त्याच्यामागून पाऊसहि येतोच. मधले दिवस किती मिळतील, हें आपल्या हातीं नाहीं. तेवढ्या दिवसांची तयारी मात्र आहे.