पडद्यावरचे बालगंधर्व

तळोद्यात बसून बालगंधर्वांविषयी लिहायला माझ्यापुरते एक कारण आहे. १८८८ साली जन्मलेल्या नारायण राजहंसाने गाण्याचे पहिले धडे जळगावात, मेहबूबखाँ यांच्याकडे गिरवले आणि तेव्हा जळगाव, तळोदा एकाच खानदेश जिल्ह्यात होते. जिल्ह्याची पूर्व-पश्चिम वाटणी झाली १९०६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी नारायण किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभा राहिला होता.

पुढची भामिनी, सिंधू सर्वांना ठाऊक आहेत. मला कुतूहल आहे ते त्यांच्या चित्रपटांचे. बोलपट आले, गंधर्व मंडळी डबघाईस आली, तेव्हा ते ‘प्रभात’मध्ये गेले. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त (१९३५) ते एकनाथ झाले. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ होते. सेन्सॉरने ते बदलायला लावले. तीस वर्षे शालू नेसलेला नट सत्तेचाळिसाव्या वर्षी पडद्यावर पुरुषवेषात आला, आणि त्या एकाच चित्रपटानंतर ‘प्रभात’शी फारकत झाली. १९३७ मध्ये बाबुराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्री झाले. तेही लोकांना रुचले नाही.

वय आड आले, असे म्हणतात. मला ते अर्धेच पटते. रंगभूमीवर त्याच वयात त्यांचे स्त्रीरूप प्रेक्षक स्वीकारत होतेच. पण गंधर्वांचे पद ‘वन्समोअर’वर फुलत असे, दर खेळाला निराळे होई, आणि कॅमेऱ्याला ‘वन्समोअर’ देता येत नाही. ‘मीराबाई’नंतर ते नाटकाकडेच परतले.