तनुतंतूंतील अतिसंवाहकतेचा प्रवाहजन्य भंग

अतिसंवाहक धातूच्या अतिसूक्ष्म तंतूचे तपमान क्रांतिक तपमानाखाली असतानाही, केवळ त्यातून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे, लोपलेला रोध पुनश्च प्रकट होण्याची घटना. जाड तारेपुरता खुलासा सरळ आहे: प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागी क्रांतिक मूल्यास पोहोचले की अतिसंवाहकतेचा अंमल संपतो, असा सिल्सबी यांचा १९१६ चा नियम आहे. परंतु तंतू पुरेसा बारीक असेल तर हे क्षेत्र नगण्य ठरते आणि भंगाचे कारण इलेक्ट्रॉन-युग्मांच्या वेगातच शोधावे लागते. गिंझबुर्ग व लांदाऊ यांच्या १९५० च्या सिद्धांतानुसार वेगाबरोबर युग्मांची घनता घटते. प्रवाह या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने एका कमाल मूल्यापर्यंतच चढतो, आणि तेथे घनता मूळच्या दोन-तृतीयांश उरलेली असते.

विषयाचे मर्म मात्र या हद्दीच्या अलीकडे आहे. लिटल यांनी पुढे आणलेल्या कल्पनेला कॉर्नेल विद्यापीठातील विनय आंबेगावकर यांनी जेम्स लँगर यांच्यासह १९६७ साली गणिती रूप दिले. ऊष्मीय आंदोलनाने तंतूच्या एखाद्या अल्पशा भागात युग्मांची घनता क्षणमात्र शून्य होते, आणि पिळलेल्या दोरीचा एक पीळ सुटावा त्याप्रमाणे तरंगफलनाच्या कलेचा एक पूर्ण फेरा, म्हणजे ३६०°, तेथे निसटतो. त्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा बांध तंतूच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो, म्हणून जाड तारेत अशी निसटण जवळजवळ अशक्य असते. बारीक तंतूत प्रवाह या बांधाची एक बाजू खाली झुकवितो, त्या दिशेची निसटण अधिक वेळा घडते, आणि प्रवाह टिकवू पाहणाऱ्यास टोकांमध्ये विद्युद्दाब पुरवावा लागतो. हाच रोध. तो अत्यल्प असेल, पण काटेकोर शून्य नव्हे. अतिसंवाहकतेविषयीच्या रूढ समजुतीस याहून मूलगामी दुरुस्ती क्वचितच झाली असेल.

निसटणीच्या वारंवारतेचे गणित मॅककंबर व हाल्पेरिन यांनी १९७० साली सुधारले. सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या कथिलाच्या स्फटिक-केसरांवर त्याच सुमारास झालेल्या मोजणीत, क्रांतिक तपमानाच्या लगत केवळ काही सहस्रांश केल्व्हिनच्या टप्प्यात, रोध अनेक दशपटींनी घटताना आढळला व सिद्धांताशी जुळला.

१.५ टेस्लाच्या एम.आर.आय. यंत्रांतील नायोबियम-टायटॅनियमचे तंतू या वर्गात मोडत नाहीत. तांब्यात बसविलेले ते तंतू मायक्रोमीटरच्या मापाचे असले तरी त्यांची सुसंगती-लांबी (ज्या अंतरात युग्मांची घनता लक्षणीय बदलू शकते ते अंतर) काही नॅनोमीटरच असते; त्या मानाने ते जाडच ठरतात. त्यांत शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या भोवरे-रेषा हलू लागल्याने उष्णता उपजते, ती पसरत गेल्यास सारी गुंडाळी रोधयुक्त होते आणि ४.२ केल्व्हिनचे द्रव हेलियम उकळून नळावाटे इमारतीबाहेर सोडावे लागते.