संचिका-स्थलांतर (संगणकीय)

जुन्या संगणकातील संचिका (फाइली) नव्या संगणकात नेण्याची प्रक्रिया. आधी नक्कल करणे, ती उघडून तपासणे आणि मगच मूळ प्रत पुसणे, हा तिचा पाया होय.

साधने : पूर्वी १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपी व पुढे सुमारे ७०० मेगाबाइटच्या सीडी वापरीत. आता पेनड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क किंवा लॅन केबल वापरतात. फॅट३२ रचनेच्या पेनड्राइव्हवर ४ गीगाबाइटची संचिका मावत नाही. तिथे एक्सफॅट सोयीची ठरते.

मराठी मजकूर : श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या प्रणालींच्या अनेक फॉन्टमध्ये देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेल्या असत. नव्या संगणकात तो फॉन्ट नसेल, तर मजकूर निरर्थक चिन्हांत दिसतो. म्हणून फॉन्टही सोबत न्यावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तीत देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र गट आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळे रूपांतरानंतर वेलांटी, रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालणे आवश्यक असते.

महत्त्व : चौक (ता. खालापूर, जि. रायगड) यासारख्या गावातील ठराव, अर्ज, स्मरणिका पुढील पिढीला वाचता याव्यात, यासाठी केवळ संचिका नेणे पुरेसे नाही, त्यांतील अक्षरेही सुखरूप पोचली पाहिजेत.