हाडांचे सूप, बाळंतीण आणि हंटर स्ट्रीटचे कॉलेज



आजाऱ्याला आणि बाळंतिणीला पायांचे सूप द्यावे, ही आपल्या घरांतील रीत इतकी जुनी आहे की तिची चौकशी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. अलीकडे तेच सूप इथल्या दुकानांतून ‘बोन ब्रॉथ’ या नावाने मिळू लागले आहे. त्याने हाडे बळकट होतात, सांधे मोकळे होतात, असे सांगितले जाते. मी परिचारिका होते म्हणून काही कुटुंबे मला विचारतात : आईला दुसरे काही जात नाही, सूप तेवढे घेते, तेवढ्यावर भागेल ना? भागणार नाही, हे माझे उत्तर. ते का, हे इतिहासानेच फार चांगले सांगितले आहे, आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा याच कॅमडेनमधून थेट मुंबईला जातो.

आपल्या ओट्यावरच्या प्रेशर कुकरचा जन्मच मुळी हाडे मऊ करण्यासाठी झाला. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले घट्ट झाकणाचे भांडे ठेवले. टाकून दिलेल्या हाडांतून गरिबांचे अन्न निघावे, ही त्यामागची आशा होती. पुढे पॅरिसमध्ये ही आशा फार वाढली. हाडांतून काढलेल्या जिलेटिनचे सूप इस्पितळांतून आणि गरिबांना वाटले जाऊ लागले. रोगी ते नाकारू लागले, वाद पेटला, आणि अखेर चौकशीसाठी समिती नेमावी लागली. फ्रांस्वा माझांदी यांच्या त्या समितीने १८४१ मध्ये निष्कर्ष दिला की केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाही. प्रयोगातले कुत्रे जिलेटिन मिळत असूनही खंगत गेले होते. कारण पुढच्या काळात कळले : शरीराला लागणारे ट्रिप्टोफॅन नावाचे द्रव्य जिलेटिनमध्ये मुळीच नसते. सूप थंड झाल्यावर ते जेलीसारखे थरथरले की आपण खूश होतो. पण ते थरथरणे म्हणजे हेच जिलेटिन.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे रुग्णसेवेवरचे जे पुस्तक १८५९ च्या अखेरीस निघाले, त्यात त्यांनी या समजुतीचा समाचार घेतला आहे. मांसाचे पाणी आटवून पाहा, अर्ध्या पाइंटामागे घन अन्न जेमतेम चमचाभर उरते, असे त्यांनी बजावले. मात्र त्यात रोग्याला सावरणारा काहीतरी गुण आहे, हेही त्या नाकारत नाहीत. मला ही तोल सांभाळणारी भूमिका आजही पटते. गरम, खारट, सुवासिक सूप पोटात गेले की तोंडाला चव येते, पाणी आणि मीठ मिळते, भूक जागी होते. एवढे काम ते उत्तम करते. त्यापुढचे काम त्याच्यावर सोपवू नये.

आता कॅल्शियमचा प्रश्न. पूर्वी इंग्लंडात तान्ह्या मुलांना दुधावरून अन्नावर आणताना हाडांचे व भाज्यांचे सूप देत असत. १९३४ मध्ये मॅकन्स, शेल्डन आणि एल्सी विडोसन यांनी त्याचे रासायनिक पृथक्करण केले. दुधाच्या मानाने त्यात कॅल्शियम अगदीच थोडे निघाले. याचा पुरावा प्रत्येक गृहिणीच्या पातेल्यात असतो. चार तास उकळूनही नळी टणकच राहते. म्हणजे तिच्यातला चुना तिच्यातच राहिला, पाण्यात उतरला नाही.

कॅमडेनचा धागा इथे येतो. ब्रन्सविक स्क्वेअरजवळच्या हंटर स्ट्रीटवर स्त्रियांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय होते, आणि तिथल्या विद्यार्थिनी ग्रेज इन रोडवरच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात शिकत. हॉस्पिटल हॅम्पस्टेडला गेले ते १९७० च्या दशकात. आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड याच महाविद्यालयात शिकल्या. १९१९ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रातील एम.डी. मिळवली. पुढे १९२८ पासून त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या अधीक्षक झाल्या, आणि मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची त्यांनी केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्यांचे शिक्षण या रस्त्यावर झाले, हे मात्र आपल्या मुलांना ठाऊक नसते.

त्याच महाविद्यालयाची दुसरी विद्यार्थिनी ल्यूसी विल्स. तीही १९२८ मध्येच मुंबईला गेली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. (ही संस्था ज्यांच्या नावाने आहे ते वाल्डेमार हाफकिन आपलेच धर्मबंधू.) मुंबईतील गरीब गरोदर स्त्रिया, विशेषतः गिरण्यांतील कामगार बाया, एका घातक पांडुरोगाने मरत होत्या. विल्सने जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग तिने या बाया काय खातात ते पाहिले. अखेर तिला गुण दिसला तो मार्माइटमध्ये! दिसायला मांसाच्या अर्कासारखा काळा, पण त्यात ना हाड ना मांस; ते बिअर बनवताना उरलेल्या यीस्टचे सत्त्व. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्यातले गुणकारी द्रव्य म्हणजे आज प्रत्येक गरोदर स्त्रीला गोळीतून मिळणारे फॉलिक ॲसिड. ते हिरव्या पालेभाजीत असते, डाळीत असते, यकृतात असते. नळीच्या सुपात ते नावालाच. ज्या बाईला पालेभाजी आणि डाळ हवी होती तिला कोणी सुपावर ठेवले असते, तर काय झाले असते याचा विचार करावा.

म्हणून मी सूप बंद करा म्हणत नाही. त्यात काय घालायचे ते सांगते. इथले डॉक्टर सहज म्हणतात, सुपात दूध घाला. ते आपल्याला चालत नाही. आपल्या आज्यांनी मटणात नारळाचे दूध घालून स्वाद राखला, परंतु गाईच्या दुधाचे कॅल्शियम नारळाच्या दुधात नसते. आपल्या कोकणाकडे याचे उत्तर आहे : नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि ती मांसाबरोबर बेलाशक चालते. सुपात नाचणीचे पीठ थंड पाण्यात कालवून सोडावे, पेजेसारखे शिजू द्यावे.

कृती थोडक्यात. हाडे कोशेर खाटकाकडून, खारवून धुतलेली घ्यावीत. घरी खारवायची तर अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीनदा धुवावीत. पाये असतील तर खारवण्यापूर्वी खुरांचे टोक कापलेले आहे का हे पाहावे, नाहीतर रक्ताला वाट मिळत नाही. थंड पाण्यापासून सुरुवात करावी, वर येणारा फेस काढावा, मग आले, मिरी, हळद घालून मंद आचेवर चार तास, अथवा कुकरमध्ये तासभर ठेवावे. गाळल्यावर हाडाला चिकटलेले मांस टाकू नये. ते बारीक करून सुपातच घालावे, कारण खरे प्रथिन त्यात आहे. मूठभर मसूर डाळ आणि चिरलेला पालकही शिजवावा. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जावे, दोन दिवसांत संपावे, आणि एकदाच गरम करावे. मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ व हे सूप रोज घेऊ नये.

आणि ज्या घरांतून तो प्रश्न आला त्यांना एक विनंती. आई सूप किती प्याली हे विचारताना, या महिन्यात तिचे वजन किती भरले हेही विचारा. कपडे सैल झाले असतील, बांगडी मनगटावरून कोपराकडे सरकत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता तुमच्या जी.पी.ला कळवा आणि आहारतज्ज्ञाची भेट मागून घ्या.