कामावर अपघात झाला तर: भरपाई ही मालकाची मेहेरबानी नाही, मजुराचा हक्क आहे

भिवंडी किंवा मालेगावच्या कोणत्याही मोहल्ल्यात विचारा, यंत्रमागावर बोट गमावलेला एखादा माणूस तुम्हाला भेटेलच. अपघात झाला की पुढचे सगळे ठरल्यासारखे घडते. शेठ दवाखान्याचे बिल भरतात, हातावर दहा-वीस हजार ठेवतात आणि एका कागदावर सही घेतात. घरचेही म्हणतात, "शेठ भला माणूस आहे, तक्रार कशाला?" दोन महिन्यांनी पैसे संपतात, हात मात्र पूर्वीसारखा चालत नाही. मग उधारी सुरू होते आणि मुलाची शाळा सुटते.

या कुटुंबांपैकी अनेकांना आपला हक्क किती होता हेच माहीत नसते. म्हणून ही माहिती.

दोन वाटा, आधी आपली कोणती ते पाहा

कामावरच्या अपघातासाठी आपल्या देशात दोन मुख्य व्यवस्था आहेत. एक राज्य कामगार विमा, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो ती. दुसरी कर्मचारी नुकसानभरपाई, जिचा मूळ कायदा 1923 सालचा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे सामावले गेले, पण भरपाईच्या हिशोबाचा पाया तोच राहिला. एकाच अपघातासाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. ईएसआय लागू असेल तर तिकडेच जायचे, नसेल तर भरपाई थेट मालकाकडून.

ईएसआय असेल तर

दहा किंवा जास्त माणसे काम करतात अशा कारखान्यात, दुकानात, हॉटेलात महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. यात काय मिळते?

- कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम. यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही.
- कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते.
- कामाशी संबंध नसलेल्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के. यासाठी मात्र वर्गणीची अट आहे.
- घरातून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरला जातो.

मालकाने नाव नोंदवलेच नाही, असेही होते. पण योजना लागू असताना मालकाने नाव टाळले म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. जवळच्या ईएसआय शाखा कार्यालयात जाऊन लेखी तक्रार द्या.

ईएसआय नसेल तर मालक जबाबदार

लहान कारखाना, बांधकाम, ट्रकवरचा क्लीनर, हमाली अशा ठिकाणी ही दुसरी वाट कामाची. "तू कायम कामगार नाहीस", "तू ठेकेदाराचा माणूस आहेस" ही उत्तरे इथे चालत नाहीत. ठेकेदारामार्फत काम घेणारा मूळ मालकही भरपाईला जबाबदार असतो.

हिशोब असा. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मासिक पगाराच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. मृत्यू झाला तर 50 टक्के धरतात. हिशोबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरला जातो. वयाचा आकडा 30 व्या वर्षी 207.98, चाळिशीत 184.17 आणि पन्नाशीत 153.09 असा उतरत जातो.

अपंगत्व अंशतः असेल तर त्याची टक्केवारी कायद्याच्या तक्त्यात दिलेली आहे. पूर्ण अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर 50 टक्के.

आता एक उदाहरण. तीस वर्षांचा कामगार, महिन्याची मजुरी 12,000 रुपये, अंगठा गेला. 12,000 चे 60 टक्के म्हणजे 7,200. त्याला 207.98 ने गुणले की 14 लाख 97 हजार. त्याचे 30 टक्के म्हणजे जवळपास 4 लाख 49 हजार रुपये. आता ते दहा-वीस हजार आठवून पाहा!

जखम बरी होणारी असेल तर कामावर जाता येत नाही तोवर दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. उपचाराचा खर्च वेगळा, तो मालकानेच द्यायचा.

मीटरवर मजुरी घेणाऱ्यांचा पगार कसा धरायचा? मागच्या बारा महिन्यांच्या कमाईला बाराने भागून. म्हणून हिशोबाची वही जपून ठेवा.

अपघात झाल्यावर काय करायचे

1. डॉक्टरांना इजा कामावर, कोणत्या मशीनवर झाली ते केसपेपरवर लिहायला सांगा. "घरी पडला" असे कोणाच्याही सांगण्यावरून लिहू देऊ नका.
2. मालकाला लवकरात लवकर लेखी कळवा आणि प्रत ठेवा. व्हॉट्सअॅपचा मेसेजही पुरावा म्हणून उपयोगी पडतो.
3. सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावे लिहून ठेवा.
4. मजुरीची नोंद, बँकेची एन्ट्री, ओळखपत्र, कारखान्यातला फोटो, जे असेल ते जमवा.
5. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा. महाराष्ट्रात त्यासाठी कामगार न्यायालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. कामगारांना आणि सर्व स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळू शकतो.

सही करण्याआधी थांबा

"सगळे पैसे मिळाले, आता काही मागणी नाही" अशा कागदावर सही केली म्हणजे हक्क संपला, असे नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायदा मानत नाही. तडजोड करायचीच असेल तर ती सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवून घ्या. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम मालकाने परस्पर वारसांच्या हाती न देता अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. विधवेच्या आणि लहान मुलांच्या वाट्याचे पैसे दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे. देय रक्कम विनाकारण थकवली तर व्याज आणि भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही लागू शकतो.

मालक ओळखीचा असतो, कधी नात्यातलाही. त्याने ईदला केलेली मदत वेगळी आणि देणे वेगळे. मदतीबद्दल शुक्रिया जरूर म्हणा, पण मदतीने देणे फिटत नाही.

अपघात कामावरचा नसेल तर

पक्षाघात, रस्त्यावरचा अपघात किंवा आजाराने काम सुटले तर आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढा. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर बहुतेक सरकारी योजनांची दारे त्यानेच उघडतात. गरीब कुटुंबांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. आणि जे आज धडधाकट आहेत त्यांनी बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घ्यावी. वर्षाला फक्त 20 रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाख, अंशतः कायम अपंगत्वासाठी 1 लाख मिळतात. वय 18 ते 70 हवे.

घरातला कर्ता आज रात्रपाळीला निघताना एवढे करा: त्याच्या हिशोबाच्या वहीचे फोटो काढून घरच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि ईएसआय कापला जातो का, ते त्याला विचारा.