माऊस आपोआप हलला तेव्हा

23 डिसेंबर 2015 रोजी युक्रेनमधल्या तीन वीज वितरण कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची लाइट गेली. वादळ नव्हतं, तार तुटली नव्हती, रोहित्र जळलं नव्हतं. सायबर हल्ल्याने वीजपुरवठा तोडल्याची ही जगातली पहिली जाहीर घटना. अंधार काही तासच टिकला, पण त्याची तयारी कित्येक महिने चालू होती. त्या काळात हल्ला रोखण्याच्या संधी एकदा नाही, अनेकदा आल्या आणि गेल्या. म्हणून हा घटनाक्रम त्या दुपारपासून नव्हे, त्याआधीपासून वाचायला हवा.

2015, वसंत ऋतू

रशियाने क्रिमिया ताब्यात घेऊन वर्ष झालेलं आहे. वितरण कंपन्यांच्या आयटी विभागांत आणि सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे ईमेल येतात. सोबत वर्डची फाइल. फाइल उघडताच मॅक्रो चालू करण्याची विनंती करणारी चौकट दिसते. कुणीतरी क्लिक करतं. 'ब्लॅकएनर्जी 3' हा घातक प्रोग्राम संगणकात शिरतो आणि हल्लेखोरांना आत यायला वाट करून देतो.

पहिली संधी इथेच हुकली.

त्यानंतरचे महिने

कार्यालयीन नेटवर्क आणि प्रत्यक्ष वीजयंत्रणा चालवणारं स्काडाचं नेटवर्क यांच्यामध्ये फायरवॉल आहे, आणि ती भक्कम आहे. हल्लेखोर भिंत फोडायच्या फंदात पडतच नाहीत. ते किल्ली चोरतात. बाहेरून स्काडात लॉगिन करण्यासाठी कर्मचारी व्हीपीएन वापरतात. त्यांची युजरनेम आणि पासवर्ड कार्यालयीन सर्व्हरवरून उचलले जातात. नेट बँकिंगला ओटीपी लागतो, तशी दुसरी पडताळणी इथे नाही. पासवर्ड असला की सरळ आत.

आत आल्यावर घाई नाही. तिन्ही कंपन्यांचं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर वेगवेगळं असल्याने प्रत्येकाचा स्वतंत्र अभ्यास होतो. कोणता ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, कोणत्या पडद्यावर आहे, तो कसा उघडतो, हे सगळं बघून ठेवलं जातं. दोन नियंत्रण केंद्रांच्या यूपीएसची सेटिंगही बदलली जाते, म्हणजे वीज गेल्यावर तिथले ऑपरेटरही अंधारात बसतील. अवेळी झालेली लॉगिन आणि बदललेली सेटिंग नोंदींत शोधणारं कुणी असतं, तर हे सगळं उघड झालं असतं.

23 डिसेंबर, दुपारी 3:30

इवानो-फ्रांकिव्स्क प्रांताला वीज पुरवणाऱ्या प्रिकारपात्याओब्लेनेर्गो कंपनीचं नियंत्रण केंद्र. पाळी संपत आलेली. एक ऑपरेटर टेबलावरचे कागद आवरतो आहे. तेवढ्यात पडद्यावरचा बाण हलायला लागतो. माऊसला कुणाचा हात लागलेला नाही. बाण एका उपकेंद्राच्या ब्रेकरच्या खुणेवर जातो, क्लिक करतो. खात्री करण्यासाठी चौकट उघडते. बाण तिथेही क्लिक करतो. एक उपकेंद्र बंद.

ऑपरेटर माऊस पकडून ओढतो. बाण त्याला जुमानत नाही. पुढच्या ब्रेकरकडे वळतो. तेवढ्यात ऑपरेटर लॉगआउट होतो. पुन्हा आत जायला बघतो, तर त्याचा पासवर्ड बदललेला. हजारो घरांची वीज तोडणारी क्लिक त्याच्यासमोर होत राहतात आणि त्याला फक्त बघत बसावं लागतं. हा प्रकार तिथल्या कर्मचाऱ्यांनी फोनवर चित्रितही केला.

दुपारी 3:30 ते 4:30

कीव्हओब्लेनेर्गो कंपनीची 110 केव्हीची 7 आणि 35 केव्हीची 23 उपकेंद्रं याच तासाभरात तुटतात. तिच्या सुमारे 80 हजार ग्राहकांची वीज जाते. चेर्निव्त्सीओब्लेनेर्गो या तिसऱ्या कंपनीवरही घाला पडतो. तिन्ही कंपन्यांवरचे हल्ले अर्ध्या तासाच्या अंतरात सुरू झाले. म्हणजे वेळ आधीच ठरलेली होती.

यातला सर्वांत खोल घाव मात्र ग्राहकांना दिसणारा नव्हता. नियंत्रण केंद्राचा हुकूम नेटवर्कवरून उपकेंद्रापर्यंत येतो आणि तिथला एक छोटा कन्व्हर्टर तो जुन्या सिरियल उपकरणांना समजेल अशा रूपात पुढे देतो. हल्लेखोरांनी 16 उपकेंद्रांतल्या अशा कन्व्हर्टरचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, पुसून त्यावर निकामी कोड लिहिला. ब्रेकर उघडल्यानंतर परतीचा रस्ताच उखडून टाकला. ते कन्व्हर्टर दुरुस्त होण्यासारखे राहिले नाहीत, बदलावेच लागले.

त्याच वेळी कंपन्यांच्या तक्रार केंद्रांवर हजारो बनावट कॉल येऊ लागतात. लाइट गेली हे सांगायला फोन करणाऱ्या खऱ्या ग्राहकाला लाइनच मिळत नाही. अंधार किती दूरवर पसरला आहे, हे कंपन्यांना ग्राहकांकडूनही कळू नये, हा त्यामागचा हेतू.

सायंकाळी 5 च्या सुमारास

डिसेंबरातला सूर्य कधीच मावळला आहे. आधीच पेरलेला 'किलडिस्क' हा घातक प्रोग्राम जागा होतो. तो फाइली पुसतो आणि संगणक सुरू होण्यासाठी लागणारा डिस्कवरचा भागही खराब करतो. ऑपरेटरचे संगणक कोलमडतात, पुन्हा चालू होत नाहीत.

सायंकाळ ते रात्र

आता पडद्यावरून काहीच होणार नाही, हे कर्मचारी ओळखतात. गाड्या निघतात. तंत्रज्ञ एकेका उपकेंद्रावर पोचतात आणि ब्रेकर हाताने चढवतात. कीव्हओब्लेनेर्गोचा पुरवठा सायंकाळी सातच्या आत पूर्ववत होतो. बाकी ठिकाणी मिळून हा खेळ एक ते सहा तासांत आटोपतो.

हा पुरवठा कोणत्याही सुरक्षा सॉफ्टवेअरने परत आणला नाही. हाताने चालवता येणारी यंत्रं होती आणि ती चालवायची कशी हे ठाऊक असलेली माणसं होती, म्हणून तो आला.

त्यानंतर

दोन महिने उलटले तरी नियंत्रण केंद्रं पूर्ण कामाला लागली नव्हती. 16 उपकेंद्रांचे ब्रेकर हातानेच चालवावे लागत होते. जवळपास वर्षाने, 17 डिसेंबर 2016 च्या मध्यरात्री, कीव्हजवळच्या पिव्निच्ना या 330 केव्ही उपकेंद्रावर हल्ला झाला आणि राजधानीच्या काही भागाची वीज सुमारे तासभर गेली. या वेळी माऊस हलवायला माणूसही लागला नाही. 'इंडस्ट्रॉयर' हा प्रोग्राम स्वतःच वीजयंत्रणेच्या भाषेत ब्रेकरना हुकूम देत होता. ऑक्टोबर 2020 मध्ये अमेरिकेने या दोन्ही हल्ल्यांसह अनेक गुन्ह्यांबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले.

त्याच महिन्यात, 12 तारखेला, मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढे मार्च 2021 मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हेच कारण सांगितलं. वाद काहीही असो, त्या दिवशी आपलं शहर किती पटकन ठप्प होतं हे सर्वांनी पाहिलं.

युक्रेनचा धडा महागड्या उपकरणांचा नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक लॉगिनला दुसरी पडताळणी हवी. नोंदी रोज वाचणारा माणूस हवा. उपकरणांचं फर्मवेअर दुरून बदलता येता कामा नये. यूपीएस नेटवर्कपासून वेगळा हवा, सुटे कन्व्हर्टर गोदामात हवेत. आणि आधुनिकीकरणाच्या नावाखाली उपकेंद्रावरची माणसं कमी करताना हाताने यंत्रणा चालवण्याचा सराव वर्षातून काही वेळा सक्तीने व्हायला हवा. या सरावाचा खर्च वायफळ म्हणून खोडणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला विचारा: उद्या पडदे बंद पडले तर ब्रेकर चढवायला कोण जाणार आहे, आणि तो शेवटचा सराव कधी करून आला आहे?